सिझेरियननंतर बाळंतिणीला दम लागतो तेव्हा : ताण, हृदयाचा स्नायू आणि 'ताकोत्सुबो'



आठवीच्या विज्ञानात आपण हृदय शिकवतो. फळ्यावर चार कप्पे काढतो, बाण दाखवतो, मुलं आकृतीला नावं देतात. नववीत अंतःस्रावी ग्रंथी शिकवतो. अधिवृक्क ग्रंथी, अ‍ॅड्रेनॅलिन, 'आणीबाणीच्या प्रसंगी शरीर सज्ज करणारे संप्रेरक' हे वाक्य मुलं पाठ करतात आणि पेपरात लिहितात. दोन वर्षांत दोन वेगळे धडे होतात आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

आजचा लेख या दोन धड्यांना जोडणाऱ्या एका आजाराबद्दल आहे. तो मला कुठल्या पुस्तकातून नाही, तर स्टाफरूममध्ये कळला.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचं सिझेरियन झालं. बाळ छान, आईही ठीक. दुसऱ्या रात्री त्यांना आडवं पडलं की श्वास घेता येईना. उठून बसलं की बरं वाटायचं, पडलं की पुन्हा धाप. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. सोबत असलेल्या एक नातेवाईक म्हणाल्या, "पोटावर टाके आहेत, दम लागणारच." दुसऱ्या म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, घाबरलीय." बाईंनाही तसंच वाटलं. रात्रपाळीच्या सिस्टर मात्र म्हणाल्या, "थांबा, मी डॉक्टरांना बोलावते." इसीजी झाला, रक्त तपासलं, इको झाला. हृदयाचा पंप निम्म्या ताकदीने चालत होता. निदान झालं ताकोत्सुबो, म्हणजे ताणामुळे होणारा हृदयस्नायूचा आजार.

काही आठवड्यांत बाई पूर्ण बऱ्या झाल्या. रजा संपवून शाळेत आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, आजारापेक्षा एका गोष्टीचा जास्त त्रास झाला. 'ताणामुळे झालं' हे कळल्यावर जो तो विचारायचा, एवढा कसला ताण घेतलास गं? जणू काही मीच ओढवून घेतलं."

त्यांचं हे बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा लेख. 'ताण' या शब्दाचा वैद्यकात अर्थ काय, बाळंतिणीच्या हृदयावर तो कसा येतो, आणि घरातल्या माणसांनी नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं, हे पायरीपायरीने पाहू या.

आधी पाठ्यपुस्तकातलं हृदय

हृदय हा एक स्नायू आहे. हात-पाय हलवणारे स्नायू आपल्या इच्छेने चालतात, हृदयाचा स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाही. दिवसाला साधारण एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. त्यातला सगळ्यात कष्टाळू कप्पा म्हणजे डावं निलय. फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त पूर्ण शरीरात ढकलायचं काम त्याचं. म्हणून त्याची भिंत सगळ्यात जाड असते.

आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. गरोदरपणात बाईच्या शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाचं कामही ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे पाच लिटरचा पंप सात लिटरपर्यंत चालतो, तोही महिनोन्‌महिने. निरोगी हृदय हे सहज पेलतं.

बाळंतपण झालं की हा भार लगेच उतरतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आधी तो वाढतो. गर्भाशय आकसतं आणि त्यातलं रक्त शरीराच्या मुख्य प्रवाहात परत येतं. पोटातल्या मोठ्या शिरेवरचा दाब सुटतो, त्यामुळे हृदयाकडे येणारं रक्त एकदम वाढतं. पुढच्या काही दिवसांत पायांत, ऊतींमध्ये साठलेलं पाणीही रक्तात परत येऊ लागतं. त्यामुळे बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस हृदयासाठी नाजूक असतात. घरात पेढे वाटले जात असतात, पण आईचं हृदय अजून ओव्हरटाइम करत असतं.

ताकोत्सुबो हे नाव कुठून आलं?

१९९० साली जपानमधल्या हिरोशिमा इथले डॉक्टर हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विचित्र रुग्णांची नोंद केली. छातीत दुखतंय, इसीजी हार्ट अटॅकसारखा, पण अँजिओग्राफी केली तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मोकळ्या. कुठेही अडथळा नाही. मात्र डाव्या निलयाचा टोकाकडचा भाग हलत नव्हता, फुग्यासारखा फुगला होता, आणि वरचा भाग जोरात आकुंचन पावत होता. त्यामुळे निलयाला एक खास आकार आला होता, खाली गोल आणि वर अरुंद मान.

जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला अशाच आकाराचं मडकं समुद्रात सोडतात. त्याला म्हणतात ताकोत्सुबो. 'ताको' म्हणजे ऑक्टोपस, 'त्सुबो' म्हणजे मडकं. आपल्याकडची सुरई डोळ्यांसमोर आणा, आकार लगेच लक्षात येईल.

२००४ साली ऑक्टोबरमध्ये जपानच्या निगाता भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथे या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अशा १९ रुग्णांचा अभ्यास केला. जिवलगाचा मृत्यू, अचानक बसलेला धक्का, भीती अशा प्रसंगांनंतर ते आजारी पडले होते. त्यांच्यापैकी ज्यांचं रक्त तपासलं त्यांच्यात अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्या जातीची संप्रेरकं गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन ते तीन पट जास्त सापडली.

इथे नववीचा धडा आठवीच्या धड्याला येऊन मिळतो. अ‍ॅड्रेनॅलिन थोडं वाढलं तर हृदय जोरात चालतं. प्रचंड प्रमाणात आणि एकदम आलं तर तेच संप्रेरक हृदयाच्या स्नायूला सुन्न करून टाकतं. हे नेमकं कसं घडतं याबद्दल संशोधक एकापेक्षा जास्त कारणं मांडतात. अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या आवळल्या जातात हे एक, संप्रेरकाचा स्नायूच्या पेशींवर थेट परिणाम होतो हे दुसरं.

मुलांना समजवायचं असेल तर विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण द्या. मोठ्या हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळाल्यामुळे स्नायूचा काही भाग मरतो, म्हणजे मोटरचं वाइंडिंग जळालं. ताकोत्सुबोत स्नायू जिवंत असतो, फक्त बंद पडलेला असतो, म्हणजे स्टार्टर ट्रिप झाला. ट्रिप झालेली मोटर पुन्हा सुरू होते. पण ती बंद आहे तोपर्यंत पिकाला पाणी नाही, हेही खरंच. म्हणून आजार बहुतेक वेळा बरा होतो, तरी पहिले काही दिवस तो जिवावर बेतू शकतो.

ताण म्हणजे फक्त मनाचा नाही

या आजाराला 'ब्रोकन हार्ट' असं नाव पडलं आणि त्यातून एक गैरसमज पसरला. दुःख झालं, मन कमकुवत होतं, म्हणून हृदय बंद पडलं, असं लोकांना वाटू लागलं.

२०१५ साली युरोप आणि अमेरिकेतल्या १,७५० रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. तिच्यात काय दिसलं ते पाहा.

- सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया होत्या, आणि सरासरी वय ६६ वर्षांच्या पुढे.
- ३६ टक्के रुग्णांमध्ये कारण शारीरिक होतं. म्हणजे ऑपरेशन, दुसरा गंभीर आजार, श्वासाचा त्रास, अपघात असं काहीतरी.
- सुमारे २८ टक्के रुग्णांमध्ये कारण भावनिक होतं.
- आणि जवळपास तेवढ्याच रुग्णांमध्ये, २८ टक्क्यांहून थोड्या जास्त, कोणतंही उघड कारण सापडलं नाही.

म्हणजे भावनिक कारणापेक्षा शारीरिक कारण जास्त आढळलं. शरीराला कापलं, रक्त गेलं, रक्तदाब एकदम खाली आला, की मेंदू त्यालाही संकटच समजतो आणि अधिवृक्क ग्रंथींना हुकूम सोडतो. त्या वेळी बाई शांत होती की रडत होती, याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आमच्या बाई ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात बसून वह्या तपासत होत्या! त्यांनी ताण 'घेतला' नव्हता, त्यांच्या शरीरावर तो आला होता.

डॉक्टर जेव्हा 'स्ट्रेस' म्हणतात तेव्हा त्यांना शरीरावर पडलेला भार सांगायचा असतो. आपण त्याचं भाषांतर 'टेन्शन' असं करतो आणि तिथूनच बाईला दोष द्यायला सुरुवात होते.

सिझेरियननंतरच का?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गरोदर आणि बाळंत स्त्रियांमध्ये हा आजार फार दुर्मिळ आहे. देशात २०१९-२१ मध्ये साधारण पाचातलं एक बाळंतपण सिझेरियनने होत होतं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २१.५ टक्के). त्यातल्या बहुसंख्य आयांच्या हृदयाला काहीही होत नाही. गरज असताना सिझेरियन टाळणं हा आई आणि बाळ दोघांनाही मोठा धोका आहे. तेव्हा हा लेख वाचून ऑपरेशनला घाबरायचं नाही.

तरीही वैद्यकीय नियतकालिकांमध्ये बाळंतपणाशी संबंधित ताकोत्सुबोचे जे रुग्ण नोंदले गेले आहेत, त्यात सिझेरियन झालेल्या स्त्रियाच जास्त आहेत. त्रास बऱ्याचदा ऑपरेशन चालू असताना किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत सुरू झालेला दिसतो. याची कारणं एकावर एक रचली जातात.

१. ऑपरेशन, वेदना, रक्तस्राव : हे तिन्ही शरीरासाठी संकटच. प्रत्येकामुळे अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं.

२. भूल : सिझेरियनला बहुतेक वेळा पाठीच्या कण्यातून भूल देतात. ही पद्धत सुरक्षित आहे, पण तिच्यामुळे रक्तदाब खाली येऊ शकतो. तो वर आणायला जी औषधं देतात, त्यातली काही अ‍ॅड्रेनॅलिनच्याच मार्गाने काम करतात. जीव वाचवायला ती लागतातच. भुलीचे डॉक्टर मॉनिटरवर सतत नजर ठेवून मोजून-मापून ती देतात, ते याचसाठी.

३. इस्ट्रोजेन : गरोदरपणात हे संप्रेरक खूप वाढलेलं असतं. वार बाहेर पडली की ते झपाट्याने खाली येतं. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या आणि हृदय यांना काही प्रमाणात सांभाळतं, असं मानलं जातं. हा आजार एरवी पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, तो बहुधा याच कारणाने.

४. वाढलेला भार : वर पाहिलेलं, परत आलेलं रक्त आणि पाणी.

५. मनावरचा भार : बाळाची काळजी, रात्रीची जागरणं, आधीचं एखादं बाळंतपण बिघडलेलं असेल तर त्याची भीती. हेही एक कारण आहे. पण यादीतलं एक, एकमेव नाही.

आणखी एक फरक. तरुण आणि बाळंत स्त्रियांमध्ये कधी कधी उलटा प्रकार दिसतो. टोकाचा भाग नीट चालतो आणि वरचा, मुळाकडचा भाग हलत नाही. तेव्हा सुरईचा आकार दिसत नाही, पण आजार तोच.

दिसायला सारखे, पण वेगळे

धाप लागलेली प्रत्येक बाळंतीण म्हणजे ताकोत्सुबो नव्हे. उलट, याच लक्षणांचे दुसरे आजार जास्त वेळा आढळतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. म्हणून घरी बसून नाव ठरवायचं नाही.

फुप्फुसात गुठळी : पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि सुटून फुप्फुसात जाते. एकदम धाप लागते, छातीत दुखतं, कधी एकच पाय सुजलेला आणि दुखरा असतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ साली सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी हेच झालं. त्यांना आधीही गुठळ्यांचा त्रास झालेला होता. त्यांनी स्वतः नर्सला सांगितलं, मला स्कॅन आणि रक्त पातळ करायचं औषध हवं आहे. सुरुवातीला वाटलं, वेदनाशामक औषधामुळे त्या गोंधळल्या आहेत. अखेर स्कॅन झाला आणि गुठळ्या सापडल्या. जगातल्या इतक्या मोठ्या खेळाडूलाही आपलं म्हणणं पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. आपल्या घरातली पहिलटकरीण दुसऱ्यांदा सांगायलाही संकोचते.

बाळंतपणाशी निगडित हृदयस्नायूचा आजार : हा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही दिसू शकतो. इथेही पंप कमजोर होतो, पण सगळा स्नायू सैल पडतो आणि तो सावरायला अनेक महिने लागतात. काहींचा पूर्ण सावरतही नाही.

हृदयाच्या धमनीला आतून चीर : तरुण बाळंतिणीला खरोखरचा हार्ट अटॅक आला, तर त्यामागे हे महत्त्वाचं कारण असतं. "एवढ्या लहान वयात कुठे अटॅक येतो?" असं म्हणून छातीतलं दुखणं सोडून देऊ नका.

रक्तदाब वाढल्यामुळे फुप्फुसात पाणी : गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल तर हा धोका बाळंतपणानंतरही राहतो.

डॉक्टर कसं ओळखतात?

इसीजीमध्ये हार्ट अटॅकसारखे बदल दिसतात. रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं, म्हणजे हृदयाच्या पेशींना इजा झाली आहे एवढं कळतं. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाचा कोणता भाग हलतो आणि कोणता नाही, हे तिच्यात प्रत्यक्ष दिसतं. इको पलंगाशीच करता येतो, दुखत नाही आणि अंगावर दूध पाजणाऱ्या आईलाही त्याचा काही अपाय नाही. गरज वाटली तर अँजिओग्राफी करून धमन्या मोकळ्या आहेत का, ते पाहतात.

इकोच्या रिपोर्टवर 'इजेक्शन फ्रॅक्शन' असा आकडा असतो. निलयात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं गेलं, तो हा आकडा. साधारण ५५ ते ७० टक्के असेल तर ठीक. पालकांनो, हा आकडा १०० का नाही म्हणून घाबरू नका. निरोगी निलयही कधी पूर्ण रिकामं होत नाही.

उपचार आणि पुढचं बाळंतपण

ताकोत्सुबोवर एखादं रामबाण औषध नाही. स्नायू स्वतः सावरेपर्यंत हृदयाला आधार द्यायचा असतो. ऑक्सिजन, फुप्फुसातलं पाणी कमी करायला लघवी वाढवणारी औषधं, हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष, गुठळी होण्याचा धोका असेल तर रक्त पातळ करणारं औषध. त्रास जास्त असेल तर काही दिवस आयसीयू. बहुतेकींचं हृदय काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण 'आपोआप बरं होतं' असं ऐकून घरी थांबायचं नाही. सगळ्या वयांच्या रुग्णांचा विचार केला तर इस्पितळात असतानाच शंभरातले सुमारे चार दगावतात. पहिल्या दिवसांत देखरेख हवीच.

घरच्यांनी तीन गोष्टी विसरू नयेत.

एक, बरं वाटलं म्हणून पुढचा इको चुकवायचा नाही. पंप पूर्ण सावरला की नाही, हे दिसण्यावरून कळत नाही.

दोन, दूध पाजायचं की नाही हे स्वतः ठरवू नका. हृदयाची अनेक औषधं चालू असतानाही दूध पाजता येतं, काही औषधांना चालत नाही. औषधाचं नाव दाखवून डॉक्टरांना विचारा.

तीन, निदानाचा कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी दिवस गेले तर पहिल्या तपासणीलाच तो दाखवा. ताकोत्सुबो परत होण्याची शक्यता कमी असते, पण असते. आणि आजार जर दुसरा, म्हणजे बाळंतपणाशी निगडित हृदयस्नायूचा असेल आणि हृदय पूर्ण सावरलं नसेल, तर पुढचं गरोदरपण जिवावर बेतू शकतं. "मागच्या वेळी थोडा हार्टचा प्रॉब्लेम झाला होता" एवढ्या माहितीवर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

घरी काय पाहायचं?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची पद्धत आहे. बाळंतपणामुळे आईला असलेला धोका मोजताना वैद्यकशास्त्रही बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धरतं. म्हणजे आपल्या आजी-पणजींचा हिशेब जवळपास बरोबर होता! डिंकाचे लाडू, शेक, तेल लावणं हे सगळं प्रेमाने होतं. त्यात या काही नोंदी घाला.

थोडा दम, थकवा, पायांवर थोडी सूज हे बाळंतपणात नेहमीचं आहे. पण पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

- आडवं पडल्यावर धाप लागते, दोन-तीन उशा घेऊन किंवा बसूनच झोपावं लागतं.
- रात्री गुदमरून जाग येते, किंवा झोपलं की खोकला सुरू होतो.
- छातीत दुखतं, दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं वाटतं.
- बसल्या जागी छातीत जोरात धडधडतं, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते.
- बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, मध्येच श्वास घ्यावा लागतो.
- सूज कमी होण्याऐवजी वाढते, किंवा एकच पाय सुजून दुखतो.

मोजता येत असेल तर मोजा. शांत बसलेली असताना नाडी ११० च्या वर, श्वास मिनिटाला २४ च्या वर, किंवा ऑक्सिमीटरवर ९५ पेक्षा कमी आकडा आला तर डॉक्टरांना लगेच कळवा. आकडे ठीक आहेत, पण बाई म्हणते की काहीतरी बिनसलंय, तरी दाखवा. वाहन मिळत नसेल तर महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

दवाखान्यात सांगताना नुसतं "दम लागतोय" म्हणू नका. "सिझेरियन होऊन तीन दिवस झाले, कालपासून आडवं पडता येत नाही, गरोदरपणात बीपी वाढलं होतं" असं सांगा. सिझेरियन कधी झालं, त्रास कधीपासून, आणि आधीचे आजार कोणते, एवढं एका दमात सांगितलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं. आणि "इको करायचा का?" एवढा प्रश्न नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

वर्गात कसं घ्याल?

आठवी-नववीसाठी एक सोपा उपक्रम देतो. मुलांना मनगटावरची नाडी शोधायला शिकवा. शांत बसवून १५ सेकंद ठोके मोजायला सांगा आणि त्याला चारने गुणायला लावा. आकडा वहीत लिहू द्या. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणा, "वह्या बंद करा. आत्ता अचानक चाचणी." दहा सेकंद थांबून पुन्हा नाडी मोजायला सांगा. बहुतेकांचे ठोके वाढलेले दिसतील. मग सांगा की चाचणी नाही! (आजारी किंवा फार घाबरट मूल असेल तर त्याला आधीच कानात सांगून ठेवा.)

आता विचारा, "तुम्ही ठरवून ठोके वाढवलेत का?" सगळे म्हणतील, नाही. मग, "तुमचं मन कमकुवत आहे का?" पुन्हा नाही. मग सांगा की संकटाची चाहूल लागली की शरीर असंच वागतं, त्याला आपली परवानगी लागत नाही. इथून अधिवृक्क ग्रंथी, अ‍ॅड्रेनॅलिन आणि हृदय यांची साखळी फळ्यावर काढा. मोठ्या मुलांना ऑपरेशन, भूकंप आणि ताकोत्सुबोचं मडकं सांगा. हे आपल्या मुलग्यांनीही ऐकायला हवं. उद्या त्यांच्या घरात बाळंतीण असेल आणि रात्री दोन वाजता ती उठून बसेल, तेव्हा शेजारी तेच असतील.

आमच्या बाईंनी हा उपक्रम स्वतः घेतला. तास संपल्यावर एका मुलाने त्यांना विचारलं, "बाई, मग त्या रात्री तुम्ही घाबरला होता की नव्हता?" बाई म्हणाल्या, "श्वास येईना तेव्हा घाबरले. आधी नव्हते."

नातेवाइकांनी हा क्रम उलटा लावला होता. बाई घाबरली म्हणून तिला दम लागला, असं ते धरून चालले. खरं तर तिला दम लागला होता, म्हणून ती घाबरली. आपल्या घरातली बाळंतीण "मला श्वास येत नाहीये" म्हणाली, तर तिला धीर जरूर द्या, पण डॉक्टरांना फोन करता करता द्या.